एक वाजताची वहिनी

माझ्या नणंदेने पन्नाशीत लग्न करायचं ठरवलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "एकच नवरा? आणि जादाचा?"

हसू नका. वन्संला ओळखणाऱ्या कुणालाही हा प्रश्न रास्तच वाटेल. या बाईकडे प्रत्येक वस्तू दोन असतात. छत्र्या दोन, चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन. एकदा तिने एकसारख्या दोन चपला-जोड्या आणल्या आणि आठवडाभर दोन्ही जोड्यांतली एकेक घालून फिरली, म्हणजे दोन्ही सारख्याच झिजतील. मी अगदी उलट. वापरात नसलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. उचलली, दिली फेकून, खोली मोकळी. आता सांगा, अशा दोन बायका एका छपराखाली नांदायच्या कशा?

नांदलो, पण भांडत. पहिलं वर्षभर मी तिला अहो-जाहो करत होते. मग भांडणं सुरू झाली, आणि भांडताना 'तुम्ही' म्हणायला वेळ कुठे मिळतो? तेव्हापासून 'तू'. 'वन्सं' मात्र राहिलं, ते काही सुटलं नाही.

ती जिथे काम करते तिथे दात बनतात. दवाखाना नव्हे, दातांचा कारखानाच म्हणा. गावातले दंतवैद्य लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात, ती संगणकावर येतात, तिथे आखणी होते, आणि मग कपाटाएवढं एक मशीन गोल चकतीतून कवळी कोरून काढतं. वन्सं तिथे लागली ती फोन उचलायला. एके दिवशी तिथला मोठा संगणक बसला तो बसलाच. सगळी मापं गेली. पुढचे कित्येक दिवस वन्संने एकेका माणसाला फोन करून सांगितलं, "माफ करा, तुम्हाला पुन्हा एकदा चावायला यावं लागेल." लोक काय काय बोलले ते तिने मला सांगितलंय, मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच: प्रत्येक तोंडाची दुसरी प्रत हवी.

शिकली. रीतसर शिकली, शिकवणीला जाऊन. आणि रमली ती त्या काळ्या पडद्यावर, जिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं लिहून हुकूम सोडायचे. मी म्हटलं, "अगं, डोळे फुटतील." तर म्हणे, "वहिनी, बटण दाबलं की ते आत काय करतं कुणास ठाऊक. इथे मी जे सांगते तेवढंच होतं. सुरू हो म्हटलं की सुरू, थांब म्हटलं की थांब. घरात असं कोण ऐकतं?"

हा टोला कुणाला होता ते कळायला मला शिकवणीची गरज नव्हती.

तर तिने ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं लावून ठेवली. मुख्य संगणकावरचं उचलायचं आणि मागच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवायचं. आणि प्रत्येक कामाला नाव दिलं. नावं कुणाची? आमच्या घरची! सगळ्यात जाडजूड, आठवड्यातून एकदा चालणारं, सुरू व्हायच्या आधी चांगलं खोकणारं आणि अर्ध्यात अडवलं तर रुसणारं काम म्हणजे 'बाबा', माझ्या सासऱ्यांच्या नावाचं. त्याची प्रत गावाबाहेरच्या गोदामात जायची. जे काम काहीही न तपासता 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळं व्हायचं, ते 'दादा', म्हणजे माझे यजमान. हे अगदी चपखल, माझी तक्रार नाही. संध्याकाळी घरी येऊन ती सांगायची, "दादा आज पुन्हा खोटं बोलला," आणि आमचे हे पेपरातून डोकं वर काढून दचकायचे.

मी विचारलं, "माझ्या नावाचं आहे का एखादं?"

"आहे ना. रोज दुपारी एकला, सगळे जेवायला उठले की चालतं. फार महत्त्वाचं. त्याच्याशिवाय पान हलत नाही."

मी फुलून गेले. शेजारणींना सांगितलं. माहेरी कळवलं. मोठ्या कारखान्यात माझ्या नावाचं काम रोज एकला चालतं, म्हणजे काय थट्टा आहे?

आता नवरदेव. ते घड्याळं दुरुस्त करतात. दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे गेले, तिथून माप वन्संच्या संगणकावर, आणि दाढ बसली तरी हे गृहस्थ काही ना काही विचारायला येतच राहिले. बोलणं कमी, सगळीकडे वेळेच्या आधी हजर. वन्सं म्हणाली, "हा माणूस ठरल्या वेळी येतो." तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघणं शक्य नव्हतं. नोंदणी पद्धतीने लग्न ठरलं. समारंभ नको, पाहुणे नकोत. वन्संची एकच अट. साक्षीदारांतली पहिली सही बाबांची. बाकी कुणाची चालणार नाही. आई लवकर गेली, वन्संला आणि आमच्या ह्यांना बाबांनी एकट्याने वाढवलं, तेव्हा हे असंच हवं होतं.

आणि लग्नाच्या सकाळी बाबा आपल्याच कवळीवर बसले.

झालं असं की नवी पॅन्ट घालून बघताना कवळी हरवायला नको म्हणून त्यांनी ती मागच्या खिशात ठेवली. जपून. मग पॅन्ट कशी बसते ते बघायला खुर्चीवर बसले. जो आवाज झाला तो मी स्वयंपाकघरात ऐकला. वरच्या कवळीचे तीन तुकडे! बाबांनी रुमाल तोंडाला लावला तो लावलाच, आणि रुमालातून जाहीर केलं, "मी येत नाही."

"अहो बाबा, सही हाताने करायची आहे," मी म्हटलं.

"पोरीच्या लग्नात बोळकं घेऊन उभा राहू? हसतील लोक."

"हसतील त्यांचे दात दिसतील."

हे बोलायला नको होतं. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. वन्संचा चेहरा बघवेना. तिने मला बाजूला घेतलं. "वहिनी, बाबा आले नाहीत तर मी सही करणार नाही. आज नाही, कधीच नाही." ती डोळे मिटून बोलत होती. मला माहीत आहे, ही बाई डोळे मिटून बोलली की ते बदलत नाही. घड्याळवाले बिचारे दारात उभे होते. वेळेच्या आधी आले होते.

मग मीच कंबर कसली. बाबांची कवळी वन्संच्याच कारखान्यात बनलेली, तिची फाईल तिथे असणारच. मशीनला सांगायचं, पुन्हा कोर. दुपारी दोननंतर नोंदणी, पाचला कार्यालय बंद. वन्सं, घड्याळवाले आणि आमचे हे पुढे गेले. मी बाबांना रुमालासकट टॅक्सीत कोंबलं आणि कारखान्याकडे निघाले.

पोचलो तेव्हा सगळे जेवायला निघत होते. दात आखणारा आणि घासून गुळगुळीत करणारा कारागीर तेवढा थांबला होता. त्याने बाबांना बाहेरच्या बाकावर बसवलं, मला आत नेलं आणि हळूच म्हणाला, "बाई, घोटाळा झालाय. फाईल नाही."

"नाही म्हणजे?"

"मालकांनी आज सकाळी सगळ्या जुन्या केसेस उडवल्या. म्हणाले, ताई एवढी वर्षं जागा नाही, जागा नाही म्हणून ओरडते, तिला लग्नाची भेट म्हणून संगणक स्वच्छ करून देतो. आता फुलांचा गुच्छ घेऊन तिकडेच गेलेत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी वन्संला फोन लावला. तिने ऐकलं, आणि पलीकडून पहिलं वाक्य आलं, "किती वाजले?"

"एकला थोडा वेळ आहे."

"वहिनी, धाव. मागच्या खोलीत जा. दुसऱ्या संगणकावर बाबांची फाईल अजून आहे. एकला ती जाईल. गोदामातली प्रत आणेपर्यंत पाच वाजून जातील."

मी कारागिराला म्हटलं, चल रे, बस तूच त्या संगणकावर. तो दोन पावलं मागे सरला. "मी दात करतो, बाई. त्या काळ्या पडद्याला शिवायचं नाही. ताईंनी सांगून ठेवलंय, शिवलास तर तुझेच काढीन." आणि गेला मशीनमध्ये चकती बसवायला.

तर बसले मी. आयुष्यात कधी हुकूम लिहिला नव्हता, तोंडी मात्र भरपूर सोडलेत. काळा पडदा, एका कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. फोन कानाला, खांद्याने दाबलेला. वन्संने तिकडून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. पासवर्ड सांगितला, दोनदा. मग म्हणाली, "आता इंग्रजीत लिही: होल्ड. मग एक मोकळी जागा. मग वहिनी."

"वहिनी? म्हणजे मी?"

"तूच. एकचं काम. ते अडवायचंय."

"का पण? तू तर म्हणालीस, महत्त्वाचं आहे."

"वहिनी, लिही!"

"आधी सांग. हे काम करतं काय?"

वन्संने एका दमात सांगून टाकलं, "ते मुख्य संगणक आणि तुझ्या समोरचा संगणक सारखे करतं. मुख्य संगणकावर जे दिसत नाही, ते तुझ्या समोरच्यावरूनही उचलून फेकून देतं. न विचारता."

आलं लक्षात? मी शेजारणींना सांगितलं होतं! माहेरी कळवलं होतं! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "अस्सं! म्हणजे फेकाफेकी करणारी ती वहिनी!"

"अगं, जागा मोकळी ठेवायला ती लागतेच, वहिनी. तुझ्याशिवाय चालत नाही हे खरंच आहे. भांडण उद्या. आता लिही."

लिहिलं. एका बोटाने, एकेक अक्षर वेचून. आणि वाट बघत बसले.

"काय म्हणतंय?" वन्संने विचारलं.

"काही नाही. माझ्याकडे बघतंय."

"एंटर दाबलंस का?"

"ते कधी सांगितलंस?"

दाबलं. खाली ओळ उमटली. मी वाचून दाखवली: हे काम सुरू आहे, आता अडवता येत नाही. एक वाजून गेला होता. आमचं भांडण चाललं होतं तेवढ्यात वहिनी आपली कामाला लागली होती. पडद्यावर फायलींची नावं भराभर वर सरकायला लागली आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: काढली, काढली, काढली. जिवंत माणसांची तोंडं! त्या क्षणी मला माझाच इतका राग आला की काय सांगू.

"वन्सं, ती सुटलीय! कुठल्या तरी जुन्या वर्षापासून सपाटा लावलाय!"

"होल्ड आता उपयोगाचं नाही. चालू कामाला मारावं लागतं. किल लिही. किल, मोकळी जागा, वहिनी. मार तिला!"

"हळू बोल, तू कुठे आहेस?"

"मार वहिनीला! आत्ताच्या आत्ता मार! विचार करू नकोस, एकदाच काय तो घाव घाल!"

हे सगळं नोंदणी कार्यालयात, नवरीच्या वेशात. नंतर आमच्या ह्यांनी सांगितलं, तिथल्या बाकांवरची सगळी जोडपी एकमेकांना चिकटून बसली होती आणि कारकून टेबलामागून उठून उभा राहिला होता. मालक गुच्छ घेऊन खांबामागे गेले. घड्याळवाले तेवढे शांत. ते म्हणाले म्हणे, "कामात आहे ती."

मी किल लिहिलं. स्वतःचं नाव लिहिलं. एंटर मात्र या वेळी विसरले नाही, मुठीने दाबलं. नावं सरकायची थांबली. खाली ओळ आली: वहिनी संपली. जीव भांड्यात पडला म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी खुर्चीतल्या खुर्चीत अशी काही हसत सुटले की कारागीर दारातून डोकावून पाणी ठेवून गेला.

"मेली!" मी फोनमध्ये ओरडले.

"शाब्बास! आता रिस्टोर लिहायचं, मोकळी जागा, आणि फाईलचं नाव. फक्त ती एकच फाईल आण, सगळं आणत बसलीस तर रात्र होईल. बाबांच्या नावाने शोध. दोन फायली दिसतील. त्यातली तू..."

आणि फोन बंद. कारकुनाने काढून घेतला होता. खुनाच्या गोष्टी करणाऱ्या नवरीकडे फोन ठेवणं त्याला पटेना.

शोधलं. खरंच दोन होत्या. एकीच्या नावात 'पसंत', दुसरीच्या नावात 'नापसंत'. मी कारागिराला हाक मारली. "हे काय आहे?"

तो लाजल्यासारखा झाला. "तुमच्या सासऱ्यांचे सगळे दात काढले ना, त्याच्या आधी त्यांच्या तोंडाचं माप घेतलं होतं. ताईंनी मला सांगितलं, नवी कवळी हुबेहूब तशीच आख. पुढच्या दोन दातांमध्ये फट होती त्यांच्या, ती फटसुद्धा. त्यांना चित्र दाखवलं तर ते चिडले. नवीनच करायचे तर वाकडे कशाला? मग सरळ केले. ते पसंत. पहिली फाईल ताईंनी टाकू दिली नाही."

"दोन्ही कवळ्या कोरता येतील?"

"पाचच्या आत एकच निघेल, बाई. तीही पळापळीने."

बाबा बाहेर बाकावर होते. जाऊन विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं: सरळ. साधी गोष्ट. माणसाच्या तोंडाचा प्रश्न, माणसाने ठरवावा. मी उठलेसुद्धा. पण मग मला आठवलं, मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा दार बाबांनी उघडलं होतं. मी घामाघूम, भेदरलेली, आणि समोर हा माणूस दोन दातांमधली फट दाखवत तोंडभर हसत होता. माझी निम्मी भीती तिथेच गेली होती. गेली काही वर्षं ते सरळ दात घालून हसतात, ते छान दिसतं, पण ते हसू मला ओळखीचं वाटत नाही. मला त्यांचं ते जुनं हसू हवं होतं. वन्संलाही तेच हवं असणार, नाहीतर नापसंत फाईल कुणी इतकी जपून ठेवतं का?

मी खाली बसले आणि नापसंतचं नाव लिहिलं. एंटर.

मशीन घरघरत राहिलं. बाबा बाहेर रुमालातून दर थोड्या वेळाने "झालं का?" विचारत राहिले आणि मी "झालंच" म्हणत राहिले. माझी पाचावर धारण बसली होती. कवळी निघाली, कारागिराने ती घासली, धुतली आणि बाबांच्या तोंडात बसवली. मग आरसा दिला.

बाबांनी आरशात बघितलं. ओठ वर केला. जीभ फटीवरून फिरवली. माझ्याकडे बघितलं. रुमाल घडी करून खिशात ठेवला, पुढच्या खिशात. टॅक्सीत मी म्हटलं, "बाबा, रागावलात?" तर खिडकीबाहेर बघत राहिले आणि ओठांशी काहीतरी चाळा करत राहिले. मी मनातल्या मनात सामान बांधून माहेरी जाऊन पोचले होते.

कार्यालयात पोचलो तेव्हा दिवे मालवायची तयारी चालली होती. लांबच लांब खोली, दाराशी आम्ही, पार त्या टोकाला टेबल. वन्सं आमच्याकडे पाठ करून उभी होती. कारकून तिला सांगत होता, "बाई, आता करा नाहीतर राहू द्या. दुसरा कुणीही साक्षीदार चालतो, हे तुमचे बंधू उभे आहेत ना." वन्सं मान हलवत होती. पेन टेबलावर तसंच पडलेलं. घड्याळवाले तिच्या शेजारी, हात मागे बांधून. मी हाक मारणार, एवढ्यात बाबांनी मला हाताने अडवलं.

त्यांनी जीभ दातांच्या फटीमागे नेली आणि शीळ घातली.

आखूड, मग लांब, शेवटी वर उचललेली. ती आख्ख्या खोलीतून गेली. वन्सं गर्रकन वळली. पन्नाशीची बाई, पण वळली ती कुठेतरी लांब खेळत असलेल्या पोरीसारखी. आणि तिच्या पलीकडे आमचे हे, डोक्याला टक्कल पडलेले, तेही त्याच झटक्यात वळले होते. मला काहीच कळेना. वन्सं निघालीच, पदर सावरत, लोकांना धक्के देत, आणि बाबांच्या पुढ्यात येऊन धापा टाकत उभी राहिली. दोघंही हसत होते, दोघंही रडत होते, आणि बाबांची ती फट सगळ्या कार्यालयाला दिसत होती.

मी ह्यांच्यापाशी जाऊन विचारलं, "काय होतं हो हे?"

त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "जेवायला बोलवायचे," ते म्हणाले. "संध्याकाळी, गच्चीवरून. कुठेही असलो तरी ऐकू यायचं."

मी ती शीळ कधीच ऐकली नव्हती. मी या घरात आले तोवर हाक मारून बोलवावं असं लहान कुणी उरलं नव्हतं.

"पहिला साक्षीदार कोण?" कारकुनाने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले, आणि मुलीचा हात धरून टेबलाकडे चालू लागले.